सगुणाचा हुंकार

"आजपासून कोनी हूं म्हनायचा नाय. जी म्हनंल तिच्याशी माझी बोलाचाली बंद," लांजा स्टँडवर एसटीत चढता चढता सगुणाने सखूला आणि कारखान्यातल्या बाकीच्या बायांना बजावलं आणि तिसऱ्या बाकावर नेहमीसारखा रुमाल टाकला.

रुमाल रावजी सरांसाठी. सर लांज्याला इंग्रजीचे खासगी वर्ग घेत आणि संध्याकाळच्या रत्नागिरी गाडीने घरी परतत. त्यांचा गुडघा दुखरा, म्हणून काजूच्या कारखान्यातून आधी सुटणारी सगुणा त्यांची जागा धरून ठेवी. ती पालीला उतरेपर्यंत सर इंग्रजीच्या गमती सांगत. 'बस' हे म्हणे एका लॅटिन शब्दाचं नुसतं शेपूट, आणि त्या अख्ख्या शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठी'. कुणा बहाद्दराने म्हणे 'ई' हे अक्षर न वापरता अख्खी इंग्रजी कादंबरी लिहिली. सगुणाचं इंग्रजी दुकानाच्या पाट्यांपुरतं, पण गोष्टीला हूं भरावा तर तिनेच. तिचा हूं आला की सरांना चेव चढे आणि आजूबाजूचे मोबाइल खाली ठेवून कान देत.

त्याच सरांनी सोमवारी तिचं नाक कापलं होतं. त्यांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं, तिने कौतुकाने पान उलटलं, आणि टरफलांच्या तेलाने काळी पडलेली बोटं कागदावर उमटली. "अहो सगुणाबाई, पुस्तक वाचायचं असतं, सोलायचं नसतं!" गाडी खो खो हसली. गाडीचं काय एवढं? पण शेजारी बसलेली सानवी, तिची पोटची पोर, सरांच्याच वर्गाला जाणारी, तीही हसली. ते मात्र सगुणाच्या काळजात घुसलं.

सर आले, रुमाल उचलून बसले. "आज 'गुडबाय'ची गंमत. मुळात तो निरोप नव्हेच, आशीर्वाद आहे, बरं का!" ते थांबले. हूं आला नाही. "म्हणजे देव तुमच्याबरोबर असो, असा." सखू खिडकीबाहेर बघत होती. आंजणारीचा पूल येईपर्यंत गोष्ट आपोआप विझली. सगुणाला त्या शांततेने पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

आठवडाभर तिने तेच जेवण जेवलं. मग एका संध्याकाळी सर तिच्याकडे वळून बसले.

"सगुणाबाई, आज तुमच्या काजूची गोष्ट. ब्राझीलच्या रानातल्या माणसांनी त्या झाडाला नाव दिलं. पोर्तुगीज ते नाव जहाजात घालून निघाले. इंग्रजांकडे त्याचं कॅश्यू झालं, आपल्याकडे काजू. अर्धं जग फिरून आलेला शब्द. आणि त्या दिवशी मी ज्या बोटांना..." सर हूंसाठी थांबले.

गाडी सगुणाकडे बघू लागली. एक हूं पुरे होता. तो तिच्या घशापर्यंत आलाही. सानवीने कोपराने ढोसलं. "आई, म्हण ना गो."

"तू हसलीस तवा मला इचारलंवतंस?"

सगुणाने हूं गिळला आणि तोंड फिरवलं. सरांनी पुढचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी खच्चून भरली होती. तिसऱ्या बाकावर रुमाल होता. सर चढले, त्यांनी तो पाहिला, आणि दांडीला धरून तिथेच उभे राहिले.

"सर, बसा की," सखूला राहवलं नाही.

"नको. ही जागा हूं भरणाऱ्या बाईंनी धरलेली असायची. आता त्या जागेवर माझा हक्क नाही."

सगुणाने ऐकलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलंही, पुलापर्यंत. मग त्या बोटांचं सर काय सांगणार होते, ते तिला काही केल्या कळेना. विचारायला तोंड उघडलं, पण सगळ्या गाडीला गप्प बसवलं होतं ते तिनेच.

वळणावर सरांचा गुडघा लचकला. दांडी त्यांनी सोडली नाही. बाकीचे उभे प्रवासीही रुमालाच्या जागेवर बसले नाहीत.

पालीला सगुणाने उतरण्याआधी रुमाल उचलला. चारही कोपऱ्यांना तिच्या बोटांचे काळे ठसे होते. तिने तो घडी न घालताच मुठीत धरला आणि ती खाली उतरली.