बायकी बंदूक

घाबरू नका, मी रायफल बोलतेय. पोलादी कपाटात उभी आहे, कपाटाला कुलूप आहे आणि काडतुसं वेगळ्या पेटीत, वेगळ्या किल्लीत. आमच्याकडे तसा कायदाच आहे. त्यामुळे सध्या मला तोंडाखेरीज दुसरं काही चालवता येत नाही.

माझा जन्म दूरच्या एका बर्फाळ देशातला. तिथल्या कारागिराने माझी नळी जाडजूड केली, अक्रोडाचा दस्ता बसवला आणि काडतूस मात्र करंगळीएवढं ठरवलं. अंग वजनदार आणि दारू थोडी, म्हणून गोळी सुटली की माझा धक्का एवढाच लागतो, जणू कुणी खांद्यावर हात ठेवून 'कसं काय' विचारलं. दीडशे पावलांवरचा कोल्हा मी सरळ झोपवते. पण खांदा दुखवत नाही, हा माझा गुन्हा. त्यापायी माझं निम्मं आयुष्य कोपऱ्यात गेलं.

पहिला मालक शहरातला दातांचा डॉक्टर. त्याने मला दोनदा झाडलं, "हिच्यात काही दमच नाही" म्हणाला आणि मला देऊन मोठी रायफल घेतली. पुढे त्या मोठीच्या धक्क्याने दुर्बीण कपाळावर आदळली आणि त्याची भुवई फाटली असं ऐकलं. टाके पडले म्हणे. मला वाईट वाटलं असतं, पण वाटलं नाही.

मग वॉल्का गावातल्या नेव्हिलच्या बंदुकांच्या दुकानात नऊ वर्षं काढली. तिथे मी पुरुषजात जवळून पाहिली. कोल्हा भरतो सहा किलो. पण त्याच्यासाठी बंदूक घ्यायला आलेला प्रत्येक शेतकरी अशी बंदूक निवडायचा, की वाटेत रानरेडा आडवा आला तर पंचाईत नको. रेडा इथून दोन हजार मैलांवर राहतो. ही मंडळी दुकानामागच्या मैदानात चार गोळ्या झाडून यायची, डोळ्यांत पाणी, खांदा काळानिळा, आणि नेव्हिलला म्हणायची, "छे, काहीच जाणवलं नाही." नेव्हिल मान डोलवायचा आणि पावती फाडायचा.

अशातच एका जून महिन्यात (इथे तो ऐन हिवाळा, वसंत येतो सप्टेंबरात) ग्लेनिस पर्टेल आत आली. साठी ओलांडलेली, उजवा हात कोटाच्या खिशात. दोन वर्षांपूर्वी एका मेंढ्याने तिला कोंडवाड्याच्या आडव्या खांबावर दाबलं होतं, तेव्हापासून त्या खांद्यात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू होते.

"नेव्हिल, कोल्ह्यांसाठी रायफल दाखव. धक्का न देणारी."

नेव्हिलने लगेच एक हलकीफुलकी, गुलाबी दस्त्याची रायफल काढली. "ही खास बायकांसाठी, ग्लेनिस. पिसासारखी हलकी!"

"रंग कोल्ह्याला आवडेल का, विचारून सांगते," ग्लेनिस म्हणाली. "अरे, हलकी म्हणजे जास्त लाथ मारणार. तुला एवढंही ठाऊक नाही, आणि दुकान कशाचं चालवतोस, मिठाईचं? ती कोपऱ्यातली जाड काढ."

नऊ वर्षांत मला जाड म्हटलेलं पहिल्यांदाच गोड वाटलं. तिने मला मैदानात नेलं, गोणीवर टेकवलं, गाल दस्त्याला लावला. पाच गोळ्या झाल्यावर खांदा चाचपला आणि एकच शब्द बोलली, "चालेल." तिने माझ्यासोबत दोन खोटी काडतुसंही घेतली. त्यांत दारू नसते, नुसता चाप ओढायचा सराव करायला असतात. परवान्याला महिना लागला. सरकारने अर्जात विचारलं, रायफल कशासाठी? तिने लिहिलं, कोल्हे. आणखी दोन ओळी मोकळ्या होत्या, त्या तिने तशाच सोडल्या.

घरी तिचा धाकटा भाऊ क्लाइव्ह होता. दोघांचं मेंढपाळीचं रान एकत्र, दोघांचीही लग्नं झालेली नाहीत, त्यामुळे भांडायला हक्काचं माणूस घरातच. मला बघून तो इतका हसला की हातातला चहा सांडला.

"ही कसली बायकी बंदूक आणलीस? कोल्हा हसून मरेल."

"मरू दे की. कशाने का मरेना."

"हे बघ ग्लेनिस, आता साफ सांगतो. गेल्या वर्षी एकशे दहा मेंढ्या आणि कोकरं किती? एकोणऐंशी! ह्या वर्षी शंभराच्या खाली शेपट्या आल्या तर वसंतात ट्रक बोलावतो. मेंढ्या जातील, गाई येतील. वासरू कोल्ह्याच्या तोंडात मावत नाही."

शेपट्या म्हणजे कोकरांच्या. वसंतात त्या कापतात, ढीग करतात आणि मोजतात, म्हणजे किती कोकरं वाचली ते कळतं. त्या एकशे दहा मेंढ्या ग्लेनिसने वीस वर्षं निवडून, जोपासून उभ्या केल्या होत्या. प्रत्येकीचा कान तिला ओळखू यायचा. त्या रात्री तिने चहाचे कप जरा जोरातच धुतले.

कपाटात माझी शेजारीण होती थोरली. त्यांच्या वडिलांची जुनी लष्करी रायफल, लांबलचक, खडूस, भारी गर्विष्ठ. खांदा मोडल्यापासून ग्लेनिसला ती पेलत नव्हती, म्हणून दोन वर्षं कोकरांची राखण क्लाइव्ह तिच्याच जिवावर करत होता. पहिल्याच दिवशी तिने मला सुनावलं, "क्लाइव्ह बारा वर्षांचा होता. बापाने मला त्याच्या उघड्या खांद्यावर टेकवलं आणि म्हणाला, ओढ चाप. पोरगं उताणं पडलं! पंधरा दिवस काळंनिळं होतं. लोकर कातरणारे सगळे पोट धरधरून हसले." हे तिने पदक मिळाल्यासारखं सांगितलं. मी विचारलं, "आणि पोरगं?" थोरली म्हणाली, "ते कुणी विचारलं नाही."

जुलैच्या शेवटी बंदुकांचा नेम तपासायला दोघं बाहेर पडली. शंभर पावलांवर रंगाचा रिकामा डबा ठेवला. क्लाइव्हने थोरली खांद्याला लावली. दणका असा, की खुराड्यातल्या कोंबड्या उडाल्या. डबा जागेवर. दुसरी गोळी डोंगराला लागली असावी, डोंगर मोठा आहे.

"वारा आहे," क्लाइव्ह म्हणाला.

घराच्या धुराड्यातून धूर काठीसारखा सरळ वर जात होता.

"दे तुझं खेळणं," तो म्हणाला. "दाखवतो कसं मारतात ते."

सकाळी सराव करताना ग्लेनिसकडून एक खोटं काडतूस माझ्यात राहून गेलं होतं. क्लाइव्हने गाल टेकवला, चाप ओढला. 'टक्' एवढाच आवाज झाला. धक्का नाही, धूर नाही, काही नाही. पण माझी नळी वीतभर खाली गेली, त्याचा खांदा आक्रसला, आणि गालावरून मला स्पष्ट कळलं, त्याचे दोन्ही डोळे घट्ट मिटले होते. रिकाम्या बंदुकीला घाबरून माणूस असा दचकला, की सारं अंग मार खायला तयार.

ग्लेनिसने ते पाहिलं.

"बिघडलीय ही," क्लाइव्ह घाईने म्हणाला. "मी चहा टाकतो."

तो गेल्यावर तिने माझ्यातलं खोटं काडतूस काढून खिशात टाकलं. पायाशी कुत्रा होता, त्यालाच म्हणाली, "दोन वर्षं. दोन वर्षं हा डोळे मिटून कोल्हे मारतोय रे." मला वाटलं, आता आत जाऊन त्याची अशी हजेरी घेईल की बास. तिच्या मेंढ्या ज्याच्यामुळे उघड्या पडल्या, तोच त्या विकायला निघाला होता! मी तिच्या जागी असते तर तालुकाभर डांगोरा पिटला असता. ती आत गेली आणि म्हणाली, "खोटं काडतूस राहिलं होतं. माझीच चूक." बस्स. माणसांचं मला कधी कधी काही कळत नाही.

ऑगस्टात मेंढ्या व्यायला लागल्या. रोज पहाटे हिमाने पांढऱ्या झालेल्या गवतात ग्लेनिस मला गाडीच्या टपावर गोणीवर टेकवून बसायची. पहिल्या तीन आठवड्यांत आम्ही तीन कोल्हे टिपले. क्लाइव्ह म्हणाला, "योगायोग." चौथ्या आठवड्यात एक आखूड शेपटीची म्हातारी कोल्हीण फिरकू लागली आणि दोन रात्रींत तिने सहा कोकरं मारली. ग्लेनिसला सकाळी ती सापडली, तेव्हा त्यांच्या जिभा आणि कान तेवढे खाल्लेले होते. त्या दिवशी तिने जेवण टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मेंढी अडली. ग्लेनिस कुंपणाजवळ गुडघ्यांवर बसलेली, डावा हात कोपरापर्यंत मेंढीच्या पोटात. क्लाइव्ह थर्मास घेऊन आला होता. मी गाडीच्या टपावर. तेवढ्यात वरच्या उतारावर ती कोल्हीण आली. तिथे एक मेंढी जुळ्यातलं दुसरं पिल्लू देत होती आणि पहिलं शेजारी ओलं, थरथरत पडलं होतं. कोल्हीण अगदी सावकाश चालत होती, बाजाराला निघाल्यासारखी.

"क्लाइव्ह, मार तिला!"

"थोरली घरी आहे."

"ही घे ना!"

"अगं, ही तुझी..."

"माझा हात कुठे आहे ते दिसतंय ना तुला? घे म्हणते!"

त्याने मला उचललं. गाल दस्त्याला लागला, थंड, दाढीचे खुंट. दुर्बिणीत कोल्हीण कोकरापासून चार पावलांवर. चापावर बोट गेलं आणि पापण्या खाली यायला लागल्या, अगदी नेहमीसारख्या.

ग्लेनिसने मानही वळवली नाही. हळूच म्हणाली, "क्लाइव्ह, ही लाथ मारत नाही रे. डोळे उघडे ठेव."

रंगाच्या डब्यावर नेम धरला त्या दिवसापासून ग्लेनिसला सगळं माहीत आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं. आणि तिने ते कुणालाच सांगितलं नाही, हेही कळलं. पापण्या परत वर गेल्या. त्याने चाप ओढला.

माझा धक्का कमी, म्हणून माझ्या दुर्बिणीतून नजर हलत नाही. कोल्हीण जागच्या जागी कोसळली आणि कोकराने मान उचलली, ते सगळं त्याला दिसलं.

"दिसलं," तो म्हणाला. आवाज बारा वर्षांच्या पोराचा. "ग्लेनिस, ती पडताना मला दिसली गं."

पन्नास वर्षं ह्या माणसाने झाडलेल्या प्रत्येक गोळीच्या पलीकडे नुसता अंधार पाहिला होता. मी लोखंडाची, टोमणे मारण्यात आयुष्य गेलं. पण त्या वेळी मला त्याची फार दया आली.

"बरं झालं," ग्लेनिस म्हणाली. "आता ती दोरी दे. हे कोकरू उलटं आलंय."

वसंतात शेपट्या मोजल्या. एकशे एकोणतीस. क्लाइव्हने पुन्हा मोजल्या, तेवढ्याच भरल्या. मग आत जाऊन फोन केला. "ट्रक नकोय. नाही म्हटलं ना! मेंढ्या उत्तम आहेत." जणू वीस वर्षं त्यानेच जोपासल्या होत्या. ग्लेनिस दाराजवळच्या नळावर हातावरचं रक्त धूत होती. तिला हसू आलं, मग रडू आलं, मग तिने नळ मोठा सोडला.

आता माझं बरं चाललंय. कपाटात मी पुढे आणि थोरली मागे, तिला वयोमानाने विश्रांती दिली आहे. ग्लेनिसच्या खांद्यावर परत शस्त्रक्रिया झाली, म्हणून ह्या हिवाळ्यात राखणीला मी क्लाइव्हबरोबर जाते. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून तो मला गोणपाटात गुंडाळून नेतो. गावातल्या बारमध्ये अजून सांगतो, म्हातारी कोल्हीण बापाच्या रायफलीने टिपली. ग्लेनिस बटाट्याचे काप खात मान डोलवते. ती बोलत नाही, मग मी तरी का बोलावं? तुम्हाला सांगितलं, कारण क्लाइव्हला मराठी येत नाही.

एक विनंती मात्र आहे. कधी कोकरांसाठी बंदूक घ्यायची वेळ आली, तर खांद्याला विचारून घ्या, मिशीला विचारू नका. आणि कोपऱ्यात कुणी जाडजूड, बिनआवाजी उभी असेल, तर तिला एकदा उचलून बघा.

क्लाइव्ह आता डोळे मिटत नाही. बारमध्ये काय हवं ते सांगू दे त्याला. गोळी सुटते तेव्हा त्याचा गाल माझ्या दस्त्यावर असतो, मला कळतं.