माझ्या पानांवरचे वळ

मित्रांनो, मी एक जुनं सराव-पुस्तक आहे. वकिलीच्या कॉलेजात शिरण्यासाठी जी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तिच्या वीस प्रश्नपत्रिका माझ्यात आहेत. माझा कणा उसवलाय, त्यावर चिकटपट्टी आहे. पण आज तब्येतीचं रडगाणं नको. मला एक कबुली द्यायची आहे.

छापखान्यातून निघून दुकानात पडलो आणि तिथून एका घरातल्या थोरल्या मुलीकडे, म्हणजे ताईकडे आलो. ती पेन्सिल अशी दाबून चालवायची, जणू कागदावर जुना राग आहे! दोनदा तिने परीक्षा दिली. शंभरात बासष्टच्या वर काही गेली नाही. प्रवेशाला सत्तर लागत. शेवटी ती झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली आणि मी माळ्यावर गेलो.

चार वर्षांनी तिच्या धाकट्या बहिणीवर तीच परीक्षा द्यायची वेळ आली. ताईने मला खाली काढलं आणि दोन दुपारी बसून आपली सगळी उत्तरं खोडरबराने पुसली. "घे, कोरं करकरीत!" म्हणाली. आपलं अपयश बहिणीला दिसू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

धाकटीला बोट ठेवून वाचायची सवय. "ताई, या पुस्तकात उत्तरं कशी आपोआप सुचतात गं!"

मी फुशारून गेलो. खरं मला ठाऊक होतं. पेन्सिल पुसली गेली, तरी तिचे वळ माझ्या पानांवर राहिले होते. धाकटीचं बोट त्या वळापाशी अडखळायचं आणि तिथेच ती खूण करायची. तिला पत्ताही नसायचा.

पहिल्या प्रश्नपत्रिकेत साठ. मग एकसष्ट, बासष्ट, बासष्ट, पुन्हा बासष्ट. परीक्षा दोन महिन्यांवर आली.

"बासष्ट काय आपल्या घराण्याचा आकडा आहे?" आई म्हणाली.

धाकटी हसली नाही. "नाही जमलं तर मलाही तुझ्या दुकानात चिकटव," ती ताईला म्हणाली.

ताईचा चेहरा उतरला. ती धाकटीच्या चुका बघायला बसली.

"सतराव्याला 'क' का केलंस?"

"तेच बरोबर वाटलं."

"मलाही वाटलं होतं. तेविसाव्याला 'ड'... अगं, माझ्याच चुका करतेयस तू!"

तिने मला खिडकीपाशी तिरकं धरलं. सगळे वळ उजेडात आले.

"कर्म माझं! पुसलं म्हणजे निस्तरलं, असं समजले मी."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानात माझ्या उरलेल्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढल्या. यंत्राला वळ दिसत नाहीत. प्रती खरंच कोऱ्या निघाल्या. पहिल्याच प्रतीवर धाकटीला चोपन्न मिळाले. ती रडायला लागली.

"रड खुशाल," ताई म्हणाली. "पण हे चोपन्न तुझे आहेत. माझे बासष्ट मला परत दे."

मग रोज संध्याकाळी दोघी एकेका चुकीवर भांडत. पर्याय हाताने झाकायचे, आधी स्वतःचं उत्तर बोलायचं, मग हात काढायचा. अठ्ठावन्न झाले, सहासष्ट झाले, एकाहत्तर झाले. खऱ्या परीक्षेत त्र्याहत्तर!

आईने माझ्यावर थोपटून म्हटलं, "पुस्तक लाभलं हो." ती शाबासकी मला अजून टोचते. धाकटीचे कित्येक आठवडे मी फुकट घालवले. आणि ताई? तिच्या चुकांवर भांडायला तेव्हा शेजारी कुणीच नव्हतं.

मित्रांनो, धाकट्यांना आपलं पुस्तक जरूर द्या, पण चुका पुसून देऊ नका. शेजारी बसा आणि सांगा. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे.