कोळशाच्या रांगेतला एक्स-रे

मी कोळशाचा ट्रक चालवते. खाणीत भरायचा, गोबीच्या वाळवंटातून सरहद्दीपर्यंत न्यायचा, पलीकडे चिनी डेपोत ओतायचा आणि रिकामा परत आणायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण फाटकासमोर ट्रकांची रांग लागते ती कधी दोन दिवस, कधी आठवडाभर. तिथेच झोपायचं, तिथेच चहा, तिथेच भांडणं.

त्या वसंतात माझ्या पुढच्या ट्रकवर दागवाकाका होते. साठीला टेकलेले, ओठातली सिगारेट न सुटणारे, आणि खोकला असा की काच वर केली तरी ऐकू यावा. एका सकाळी रांगेच्या कडेनं एक पांढरी गाडी आली. तिच्यातून दुलमा नर्स उतरली. तिच्या हातात फोटोच्या कॅमेऱ्याएवढं यंत्र होतं.

"छातीचा एक्स-रे काढून घ्या. क्षय असेल तर इथल्या इथे कळेल. फुकट आहे."

"फुकट कोण देतं गं?" काकांनी खिडकीतून विचारलं.

"परदेशातून मदत आलीय, एका वर्षापुरती. खोटं कशाला बोलू? यंत्र असं रस्त्यावर आणून खरंच रुग्ण सापडतात का, हे त्यांना बघायचंय. नाही सापडले तर पुढच्या वर्षी काही नाही."

"म्हणजे आम्ही आजारी निघावं म्हणून तू देवापुढे दिवा लावतेस."

"तुमच्यासाठी दिवा कशाला लावायचा? खोकल्याचा आवाज मैलभर लांबून येतोय."

आजूबाजूचे ड्रायव्हर हसले. काका चिडले. "आधी ही उयांगा उभी राहू दे, मग मी."

मी खुशाल उभी राहिले. मला ना खोकला, ना ताप. ट्रकचं टायर एकटी बदलते मी. हल्ली जरा दमायला व्हायचं आणि पँट कमरेला सैल झाली होती, पण रांगेतलं खाऊन दुसरं काय होणार?

फोटो लॅपटॉपवर उमटला. तो फोटो संगणक स्वतःच वाचतो आणि शंका येईल तिथे रंग भरतो. काकांच्या छातीत धुराशिवाय काही नव्हतं. माझ्या उजव्या बाजूला, वर, लालभडक डाग उमटला.

"यंत्र उलटं धरलं असशील," मी म्हणाले.

दुलमानं पुन्हा फोटो काढला. डाग तिथेच होता.

तपासायला छातीतला कफ काही केल्या निघेना, तेव्हा तिनं जिभेवरून कापसाची काडी फिरवली आणि गाडीतल्या बॅटरीवर चालणाऱ्या एका डब्यात घातली. "खात्री याच्यानं होईल. तासभर थांब."

पण तास कुठला मिळायला? पुढून भोंगे वाजायला लागले. फाटक अवचित उघडलं होतं. मी फोन नंबर तिच्या हातावर लिहिला आणि ट्रकवर चढले.

"उयांगा, थांब जरा."

"रांगेतला नंबर गेला तर तू देणार आहेस?"

रांग अशी कधी पळालीच नव्हती. धुळीतून काकांचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. फाटक समोर आलं, पुढे चार-पाच ट्रक उरले आणि सगळे पुन्हा थबकले. तेवढ्यात आरशात पांढरी गाडी दिसली, रस्त्याखालच्या दगडधोंड्यांवरून उड्या मारत येणारी. गाडी पुरती थांबायच्या आत दुलमा उतरून चढणीवरून वर आली आणि माझ्या पायरीवर उभी राहिली. तोंडाला मास्क होता, धाप लागली होती, डोळे मात्र चमकत होते.

"सापडला. क्षयच आहे. पण नेहमीच्या गोळ्यांना जुमानणारा आहे, सहा महिन्यांत खडखडीत बरी होशील. वळ मागे."

"पलीकडे जाऊन येते की."

"आणि पलीकडे अडकलीस तर? घरी कोण असतं?"

"आई. आणि नोमिन, चार वर्षांची. मी घरी असले की माझ्या कुशीतच झोपते." मी गिअरला हात घातला.

वळायचं तर होतं, पण एवढा लांब ट्रक वळवू कुठे? पुढेमागे गाड्या चिकटलेल्या. खिडकीतून मान काढून सगळं ऐकणाऱ्या काकांनी केबिनमधल्या वायरलेसवरून हाळी दिली, "उयांगाला मागे जायचंय. जरा सरका."

"फाटकाशी येऊन मागे? डोकं फिरलं काय तिचं?" रांगेत मागून कुणाचा तरी आवाज आला.

"डोकं ठीक आहे, छातीत क्षय निघालाय. उद्या तुझ्याही निघेल. सरक."

सगळ्या रांगेला सांगून मोकळे झाले म्हातारबुवा. मला असा संताप आला, की परत त्यांचं तोंड बघू नये असं वाटलं. पण मागचा ट्रक गुरगुरत हातभर मागे गेला. मग त्याच्या मागचा. काका स्वतः खाली उतरून हात हलवत मला वळण दाखवू लागले. त्यांचा नंबर आला होता, फाटकावरचा शिपाई ओरडत होता, तरी ते हलले नाहीत. पुढे, मागे, पुन्हा पुढे, आणि माझा ट्रक रिकाम्या गाड्यांच्या रस्त्याला लागला.

रांगेच्या कडेनं परत जाताना काहींनी मला पाहून काचा वर केल्या. ते लागलं. पण थोडं पुढे पाहते तर दुलमाची गाडी माझ्याआधी पोचून थांबलेली, आणि तिच्यापुढे ड्रायव्हर ओळीनं उभे. सकाळी जे तिला टाळत होते तेच आता "माझा आधी काढ" म्हणून भांडत होते. त्यांत वायरलेसवर डोकं फिरलं का विचारणारा तो सगळ्यांत पुढे होता.

"अगं, खोकला नसतानाही असतो म्हणे," तो मला म्हणाला.

"मलाच विचारतोस?" मी म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

मालकानं ट्रकवर दुसरा माणूस पाठवला. नोमिनला आजार नव्हता, तो होऊ नये म्हणून तिलाही गोळ्या दिल्या. मी रोज फोनच्या कॅमेऱ्यासमोर गोळी गिळायची आणि दुलमा पलीकडून बघायची. गोळी गिळून झाली की नोमिन मध्ये घुसून आपलं रिकामं तोंड तिला उघडून दाखवायची.

शरद ऋतूत मदत देणारी माणसं रांग बघायला आली. दुभाष्यानं मला विचारलं, फाटकाशी येऊन मागे का वळलीस? मी नोमिनचं सांगितलं. काका मध्येच म्हणाले, "आणि वळायला जागा कुणी करून दिली, तेही सांग त्यांना." ते दुभाष्यानं सांगितलं की नाही कोण जाणे. पण थंडी सुरू व्हायच्या आत कळलं, मदत चालू राहणार, शिवाय पश्चिमेकडच्या दुसऱ्या फाटकावरही असंच यंत्र जाणार.

ते तिकडे पोचलं त्याच्या दुसऱ्या सकाळी दुलमाचा फोन आला. "तिकडचे ड्रायव्हर गाडीजवळ येत नाहीत. तू सांगितलंस तर ऐकतील. चार दिवस येशील का?"

माझ्या गोळ्या संपल्या होत्या, शेवटची तपासणी स्वच्छ आली होती. मी बूट चढवले.