न बोललेला नवस

"पाजताना त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, आजी. उभं धरायचं, थोडं थोडं सोडायचं, नजर हलवायची नाही," असं नर्सबाईंनी वैजयंतीबाईंना बजावलं होतं. नातवाचा वरचा ओठ जन्मतःच नाकापर्यंत दुभंगलेला, टाळूलाही भेग. आईच्या अंगावर ओढता येईना. वजन भरलं की ऑपरेशन व्हायचं होतं. तोवर सून अबोली दूध काढून ठेवी आणि वैजयंतीबाई बोंडल्यानं पाजत.

सोमवार-संकष्टी कधी न मोडणारी ही बाई, पण एक पाप करून बसली होती. नवी मुंबईत सीवूड्सच्या त्यांच्या सोसायटीतल्या बायका बाळ बघायला आल्या तेव्हा अबोली आत झोपली होती. दारातच वैजयंतीबाई बोलून गेल्या, "गणपतीचा नवस आहे हो. फिटेपर्यंत बाळाचं तोंड कुणाला दाखवायचं नाही." असा नवस त्या कधी बोलल्याच नव्हत्या. बायकांनी हात जोडले नि परत गेल्या. नवसापुढे कोण काय बोलणार?

एका मंगळवारी मात्र शेजारच्या गोजराबाई, मूळच्या करावे गावच्या, दार उघडं बघून तांदळाच्या भाकऱ्या घेऊन थेट आत आल्या. वैजयंतीबाईंनी झटकन बाळाच्या तोंडावर दुपटं ओढलं आणि त्याखाली अंदाजानंच दूध सोडत राहिल्या.

"तुमचा गनपती लई वाट बगायला लावतो," गोजराबाई हसल्या. "नवस कवा फिटायचा, पोराच्या लग्नात?"

दुपट्याखालून घरघर आली. अबोली आतून धावली, दुपटं ओढून फेकलं. दूध नाकातून येत होतं, ओठ निळसर पडले होते. तिनं बाळाला पालथं धरून पाठ थोपटली. बाळ खोकलं, मग रडलं. तेव्हा कुठे तिघींचा जीव भांड्यात पडला.

गोजराबाईंनी तो ओठ पाहिला. "आनि मी मेली, नवसाचं पोर हाय, नजर नको लागायला, म्हनून तुमच्या दारावरनं मान खाली घालून जायची," एवढंच म्हणाल्या, आणि भाकऱ्या ओट्यावर ठेवून गेल्या.

"कसला नवस, आई?" अबोलीनं विचारलं.

वैजयंतीबाईंनी सांगितलं. सांगताना मान वर होईना.

"मला वाटायचं, सगळ्यांना ओठाचं कळलंय, म्हणून माझ्याकडे कुणी फिरकत नाही."

वैजयंतीबाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. "देवाचं नाव घेऊन खोटं बोलले गं."

"देवाचं देव बघेल. याचं काय?"

"आज मंगळवार, खाली गणपतीची आरती आहे. याला घेऊन जाते. सांगते सगळ्यांना, नवस नव्हता म्हणून."

"मग तोंड का झाकलंत, विचारतील."

"लाज वाटली, म्हणून."

"याची?"

वैजयंतीबाईंनी होकारार्थी मान हलवली. अबोली उठली. बाळाला घेऊन आत गेली.

दिवेलागणीला वैजयंतीबाई तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आत पाऊल टाकायचा धीर होत नव्हता. अबोलीनं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून बाळाला त्यांच्या हातात दिलं, त्याच्या हनुवटीवरचं दूध पुसलं.

खाली घंटा वाजायला लागली होती. वैजयंतीबाईंनी बाळाला खांद्याशी उभं धरलं, पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या.