तळ नसलेल्या जमिनीवरून

पितळेचे चौदा खिळे, एकेका वितीवर एक.

हरिणीचे चार खूर. कोरडे.

पाण्यातून वर येणारा ताटाएवढा बुडबुडा. तो फुटला की सुटणारा कुजक्या अंड्यांचा वास.

"मेव्हणे, माझे बूट खालीच राहिले. त्यांना सांगा, मी काही परत यायचा नाही."

माणसाच्या दुप्पट उंच लव्हाळे. त्यामागे लव्हाळे. त्यामागेही तेच.

तळ: नाही.

मित्रांनो, हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत आणि ती गोष्ट माझी आहे. मी एक जुनी मापाची काठी आहे. पाणी किती खोल आहे आणि त्याच्या तळाशी काय आहे, एवढेच सांगण्यासाठी मला घडवले होते. ते काम मी एकवीस वर्षे केले. नंतरचे नऊ दिवस मला ते काम जमले नाही. मला आठवतात ते हे नऊ दिवसच.

बांबूच्या बेटातून मला एका सुताराने निवडले. बोटाच्या पेराने टकटक करत त्याने तीस-चाळीस बांबू ऐकले आणि माझ्यापाशी थांबला. त्याने मला पंधरा दिवस पाण्यात बुडवले, महिनाभर चुलीच्या धुरावर टांगले, मग तेल चोळले. खाली लोखंडी टोपी बसवली. अंगावर वितीवितीने पितळेचे खिळे ठोकले, म्हणजे पाणी कितीही गढूळ असले तरी नुसत्या अंगठ्याने माप कळावे.

हा सुतार फौजेतल्या पूल बांधणाऱ्या तुकडीत होता. नदी आली की सगळे काठावर थांबत आणि आम्ही दोघे पाण्यात उतरत असू. तीनदा टोचायचे: समोर, डावीकडे, उजवीकडे. मग ओरडून सांगायचे.

"पाच वीत, वाळू!"

"सात वीत, गाळ!"

मी "नाही" म्हटले की अख्खी पलटण जागच्या जागी थांबायची. एकदा एका मोठ्या साहेबांनी मला हातात तोलून म्हटले, "ही काठी खोटं बोलत नाही." मी फुगले. बांबू आधीच पोकळ, त्यात ही हवा भरली!

तुकडीचा आचारी हा सुताराच्या थोरल्या बहिणीचा नवरा. म्हणून सुतार त्याला दाजी म्हणे, आणि हळूहळू सगळी तुकडीच दाजी म्हणू लागली. अंगाने भरलेला, तोंडाने मोकळा माणूस. त्याला फौजेत नेले ते सुतारानेच. निघताना ताईने भावाचा हात धरून सांगितले होते, "तू नेतोयस ना ह्यांना? मग तूच परत आणायचं." सुतार तेव्हा हसला होता. लढाई सुरू झाल्यावर तो हसेनासा झाला.

तिसरा होता ढोलवाला. हडकुळा, सरळसोट, म्हणून त्याचे नाव पडले टिपरी. झोपेतही त्याची बोटे ठेका धरत.

त्या वर्षी आमची फौज मागे हटत होती. आम्ही बांधलेल्या एका पुलावरून गावेच्या गावे सामान घेऊन पळत होती. शत्रू मागे होता. हुकूम असा होता, की साहेबांनी हात खाली केला की टिपरीने ढोल वाजवायचा आणि ढोल वाजला की सुताराने पुलाचा मुख्य दोर तोडायचा. साहेबांनी हात खाली केला तेव्हा पूल माणसांनी भरलेला होता.

टिपरीचे हात वर गेले आणि वरच राहिले.

"सुतार, तोड!" साहेब ओरडले.

सुताराने कुऱ्हाड नदीत टाकून दिली. कुऱ्हाड एकच होती. मग त्याने सवयीने मला उचलले आणि तो व टिपरी धावत सुटले. लव्हाळ्यात शिरल्यावर मागून धापा ऐकू आल्या. दाजी होते, हातात पळी.

"तुम्ही कशाला आलात, दाजी?"

"उद्या तुमची ताई विचारेल, माझा भाऊ जीव घेऊन पळाला तेव्हा तुम्ही काय पळी फिरवत होतात का? काय उत्तर देऊ?"

घोडेस्वार दलदलीच्या काठापर्यंत आले. घोडे पुढे पाऊल टाकेनात. एक स्वार हसून म्हणाला, "चला, फाशीचा दोर वाचला." आणि ते परत गेले. दलदलीच्या पलीकडे दुसरे राज्य होते. तिथल्या गिरणीच्या गावात ताई राहत होती. तिथवर या फौजेचा हुकूम पोचत नव्हता. पण दलदल ओलांडलेला माणूस कुणी पाहिला नव्हता.

तीन वीत, गाळ.

सहा वीत, गाळ.

अकरा वीत.

मित्रांनो, मी पुष्कळ पाणी पाहिले आहे. वाहणारे, आदळणारे, झाडे उपटून नेणारे. पण हे पाणी नुसते बसून होते. त्याला आवाज नव्हता. सकाळी त्यावर धुके उतरायचे आणि धुक्यातून हजारो पांढरे पक्षी एकदम उठायचे, तेव्हा वाटायचे की जमिनीनेच अंग झटकले. तिघे जण त्या वेळी बोलायचे थांबत. दाजीसुद्धा.

आमची चूक अशी झाली. सुतार पूल बांधणारा होता. ज्याला तळ नाही त्यावर पाय ठेवायचा नाही, हे त्याच्या हाडात होते. म्हणून तो माझ्यावर विसंबून तळ शोधत राहिला. मी "आहे" म्हटले की जायचे, "नाही" म्हटले की वळायचे. चार दिवस आम्ही असे वळत राहिलो. चौथ्या दिवशी दुपारी दाजींनी चिखलात एक खड्डा दाखवला. तो माझ्याच लोखंडी टोपीचा होता, पहिल्या दिवशीचा.

सोबतचे चणे संपले होते. टिपरीला ताप होता. सुताराने मला समोर खुपसले. चौदाच्या चौदा खिळे पाण्याखाली गेले, त्याचा दंड बुडाला, तरी मी कशालाच टेकले नाही.

"तळ नाही," तो म्हणाला. आणि मटकन खाली बसला.

तेवढ्यात लव्हाळे हलले. एक हरिणी बाहेर आली, मागे तिचे पाडस. मी जिथे तळ नाही असे सांगितले होते, त्याच हिरव्या पट्ट्यावर ती चालत आली. तिच्या पायाखालची हिरवळ हळूच दबली आणि पुन्हा वर आली, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी. ती आमच्याकडे बघत उभी राहिली. तिचे खूर कोरडे होते.

कुणी हलले नाही. मग दाजी कुजबुजले, "मेव्हणे, तुमच्या काठीला हे ठाऊक नव्हतं वाटतं."

खरेच नव्हते. ती जमीन तरंगती होती. शेकडो वर्षांच्या गवताची मुळे एकमेकांत विणली जाऊन तिची गोधडी झाली होती आणि ती पाण्यावर पसरली होती. खाली तळ नव्हता. वर मात्र झाडेझुडपे होती, घरटी होती, मुंग्यांची वारुळे होती. मी एकवीस वर्षे तळाला जमीन समजत आले होते. मला लाज वाटली नाही, मित्रांनो. इतके मोठे काही पाहिल्यावर लाज वाटायला जागाच उरत नाही.

पाचव्या दिवशी आम्ही त्या गोधडीवर चढलो. पाऊल टाकले की दहा हातांवरचे झुडूप मान डोलवायचे. आता सुतार मला जाडी मोजायला वापरू लागला. माझे टोक मुळांतून आरपार गेले की तो म्हणे, "तीन वीत, गवत!" अशी आरोळी त्याने आयुष्यात दिली नव्हती. सहावा दिवसही असाच गेला.

सातव्या दिवशी सगळे इतके थकले की डोळे मिटून चालत होते. टिपरीला वाटले, यांना जरा हुशारी यावी. तो तोंडाने ठेका धरू लागला. "डब डब डबडब, डब डब डबडब." त्यांनी फौज सोडली होती, पण त्यांच्या पायांनी सोडली नव्हती. ते आपोआप जुळले. डावा, उजवा, डावा, उजवा.

पुलावर पलटण चढली की एक हुकूम सुटतो: "पाऊल तोडा!" सगळ्यांची पावले एका वेळी पडली तर पूल झुलू लागतो आणि तुटतो. हा हुकूम सुताराने स्वतः शेकडो वेळा दिला होता. त्या दिवशी त्याला तो आठवला नाही, कारण खाली पूल दिसत नव्हता.

हिरवळीत एक लाट उठली. ती पुढे गेली, परत आली, मोठी झाली. मग जाड कापड फाटावे तसा आवाज झाला आणि दाजी काखेपर्यंत आत गेले.

सुताराने मला उचलले, खाली खुपसायला. हात सवयीने वर गेला होता. तो थांबला. आणि त्याने मला आडवी टाकली.

आयुष्यात पहिल्यांदा कामासाठी मी आडवी झाले. फाटलेल्या भोकावर, या काठापासून त्या काठापर्यंत. दाजींनी दोन्ही काखा माझ्यावर टाकल्या. सगळा भार माझ्यावर आला आणि खालून चिखल त्यांना ओढत होता. माझ्या सातव्या आणि आठव्या खिळ्यामध्ये बारीक चीर गेली. दाजींनी तो आवाज ऐकला.

"मेव्हणे, जा तुम्ही दोघं. ताईला सांगा, ताप आला होता, दोन दिवसांत गेले."

"खोटं तुम्हीच सांगा. माझं खोटं तिला नाकावरून कळतं."

"मस्करी नाही करत मी."

"मीही नाही. बूट सोडा पायातले."

"नवे आहेत हो!"

"दाजी!"

सुतार आणि टिपरी पोटावर पालथे पडून सरपटत आले. टिपरीने आपला पट्टा दाजींच्या काखेतून घातला. दोघे ओढत, थांबत, पुन्हा ओढत. सकाळचे ऊन डोक्यावर आले. चिखलातून एक लांब चोखल्यासारखा आवाज आला आणि दाजी वर आले, अनवाणी, कमरेखाली फक्त चिखल नेसून. आणि त्या अवस्थेत त्यांनी बुटांविषयीचे ते वाक्य म्हटले, जे मी सुरुवातीला सांगितले. तिघे हसले. मग तिघेही रडले. पाडसाएवढा एक पक्षी जवळच उभा राहून हे बघत होता.

टिपरी कुणाकडे बघेना. "मीच केलं हे. माझ्या तोंडाला शिवण घाला."

"शिवण नको," सुतार म्हणाला. "वाजव. पण चुकवून वाजव. आमची पावलं जुळू देऊ नकोस."

ढोलवाल्याला ठेका चुकवायला सांगणे म्हणजे आचाऱ्याला मुद्दाम करपवायला सांगणे. "ते मला न सांगताही जमतं," दाजी म्हणाले. पण टिपरीला फार जड गेले. दोन टिपऱ्या त्याच्या कमरेला होत्याच. तो त्या एकमेकींवर आपटत चालला. मध्येच एक, मग तीन, मग लांब शांतता, मग दोन. दर वेळी त्याचे कान दुसरे काही मागत आणि तो त्यांना नाही म्हणे. घाम त्याच्या हनुवटीवरून गळत होता. असा तो दोन दिवस चालला. मोठमोठ्या फौजांपुढे वाजणारे ढोल मी ऐकले आहेत, मित्रांनो. त्या बेताल टकटकीइतके अवघड वाजवणे मी कधी ऐकले नाही. तिच्यामागे तीन माणसे तीन तऱ्हांनी पावले टाकत होती आणि खालची हिरवळ शांत राहिली.

नववा दिवस. सुताराने मला टोचले.

दोन वीत. मुरूम.

तो ओरडला नाही. त्याने ते अगदी हळू म्हटले.

संध्याकाळच्या आत आम्ही गिरणीच्या गावात पोचलो. एका चाळीच्या मागच्या अंगणात ताई होती. दोरीवर दाजींचे सदरे वाळत होते, सगळेच्या सगळे, लग्नातलासुद्धा. तिने तिघांकडे पाहिले. मग हातातला ओला सदरा पिळत राहिली, त्यात पाणी उरले नव्हते तरी.

"आणलं," सुतार म्हणाला.

ताईने जवळ येऊन दाजींच्या खांद्यावर त्या सदऱ्याने एक फटका मारला. मग दुसरा. मग तिने त्यांचा कान चिमटीत धरून पाहिला, खरा आहे का म्हणून.

"अनवाणी आलात?" ती म्हणाली. एवढेच.

माझे पुढचे आयुष्य साधे आहे. सुतार त्याच चाळीत खिडक्या-दारे करू लागला. टिपरी गिरणीत कामाला लागला. मी ताईच्या अंगणात कपड्यांची दोरी उचलून धरायचे काम करू लागले. पुढे लोखंडी खांब आले आणि मला संडासामागच्या भिंतीला टेकवले. तिथे ओल आहे. लोखंडी टोपी गंजून गळाली. चिरेत मुंग्यांनी घर केले आहे. मुले येतात, माझे खिळे मोजतात. त्यांना बाराच सापडतात.

मला नदीवर न्या असे मी म्हणत नाही. फक्त मला या ओलीतून उचला, चिरेवर घट्ट दोरा गुंडाळा, थोडे तेल चोळा. आणि ठेवाल तेव्हा उभी टेकवू नका, आडवी ठेवा. तुमच्या घरातही एखादे जुने अवजार असेल. ते फेकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. ज्या कामासाठी ते केले होते, त्याहून मोठे काम त्याच्याकडून होऊन गेलेले असू शकते. ते बिचारे सांगत नाही, एवढेच.

आचारी दलदलीत बुडून मेला, असा फौजेचा कागद ताईला आम्ही पोचायच्या चार दिवस आधीच मिळाला होता.