बसणाऱ्याला मागचे दिसत नाही

मी एक जुनी बर्फावरची घसरखुर्ची आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी मत्सरी आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी वस्तू नसेल. दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्यांवर पुढे लाकडी बैठक, मागे धरायला आडवी मूठ. एकाने बसायचे. दुसऱ्याने मागे एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्या पायाने बर्फाला लाथ मारत मला पळवायचे. स्वीडनच्या उत्तरेला आमच्या गावात हिवाळा अर्धे वर्ष मुक्काम ठोकतो, तेव्हा घरटी एक तरी माझी बहीण असते.

मला मार्गितच्या वडिलांनी घडवले. ते लोहार होते. लेकीच्या लग्नात त्यांनी मला दिले, तेव्हा माझी बैठक नव्या बर्चची होती आणि तिला लाकडाचा गोड वास येत असे. लग्नाच्या दिवशी मार्गित माझ्यावर बसली आणि तिच्या नवऱ्याने, हेल्गेने, तिला चर्चपासून घरापर्यंत ढकलत नेले. त्यानंतर ती कधी बसली नाही. बैठकीवर दुधाचे कॅन आले, मग मुले आली, मग जळणाच्या मोळ्या आल्या. मागे मूठ धरून मार्गितच. मुले मोठी होऊन दक्षिणेकडच्या शहरांत गेली, तेव्हा माझ्यावर फक्त बटाट्यांची पिशवी उरली. तरी मी सुखी होते. तिच्या लोकरी हातमोज्यांची ऊब मुठीतून माझ्या लाकडापर्यंत पोहोचत असे.

मग हेल्गेचे हृदय थकले. इस्पितळातून तो परत आला तो एकटा नाही. सोबत एक चकचकीत चारचाकी वॉकर आला. त्याला ब्रेक होते, जाळीची टोपली होती. त्याला घरात, उबेत, कोटांच्या खुंटीखाली जागा मिळाली. मी मात्र बाहेर, सरपणाच्या ढिगाला टेकून. येणारा-जाणारा वॉकरचे कौतुक करी. मी आतल्या आत जळत असे.

पण हेवा करणारी मी एकटी नव्हते. मार्गितलाही हेवा वाटत होता, आणि तो वॉकरचा नव्हता. तो हेल्गेच्या हृदयाचा होता.

त्या हृदयाची काय ती बडदास्त! उल्रिका नावाची नर्स त्याची फोनवर चौकशी करी. त्याच्यासाठी गोळ्या होत्या, मिठाचे नियम होते, आणि मंगळवारी आरोग्य केंद्रात हृदयाचा वर्ग होता. त्याच हिवाळ्यात मार्गितलाही धाप लागू लागली होती. रात्री ती उशांची चवड रचून बसल्या-बसल्या झोपे. ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिच्या हृदयाचे चित्र काढले आणि ते छान जोरात आकुंचन पावते आहे असे सांगितले. वय झाले, त्यात नवऱ्याचे आजारपण, काळजी कमी करा, म्हणाले.

घरी आल्यावर तिने अंगणात माझ्यावरचा बर्फ झटकत हेल्गेला ऐकवले, "तुझं हृदय थकलं की नर्स फोन करते. माझं थकलं की ते नुसतं वय असतं."

"मग बदलूया का?" हेल्गे हसत म्हणाला. "माझ्याबरोबर माझ्या गोळ्यापण येतील."

तीही हसली. पण तिने मूठ नेहमीपेक्षा घट्ट धरली, ते मला कळले.

बर्फात वॉकरची चाके रुततात, म्हणून मंगळवारी माझी आठवण होई. हेल्गे मांडीवर घोंगडी घेऊन ऐटीत बसे आणि मार्गित त्याला चर्चच्या चढावरून ढकलत नेई. शेजारचा बेंग्ट कुंपणावरून टोमणा मारी, "राजेसाहेबांची स्वारी निघाली वाटतं!"

आरोग्य केंद्राच्या काचेच्या दाराशी मी उभी राही. आत सगळे दिसे. पुरुष गोल करून व्यायामाच्या सायकलींवर बसत. त्यांच्या बायका भिंतीकडच्या बाकावर, मांडीवर कॉफीचा थर्मास घेऊन. उल्रिकाने एकदा सगळ्यांना शिकवले की नडगीवर अंगठा दाबून धरायचा. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला तर शरीरात पाणी साठते आहे, आणि त्याच दिवशी तिला कळवायचे. पुरुषांनी आपापल्या नडग्या दाबल्या. बायकांनी नवऱ्यांच्या दाबून खात्री केली. बाकावरच्या एकीनेही स्वतःचा पाय दाबून पाहिला नाही. वर्ग त्यांचा नव्हताच ना.

हिवाळा सरत आला तसा हेल्गे सुधारला. सायकलवर तो शीळ घालू लागला. तरी वाटेत तो बसूनच राही, कारण पेशंट तो होता, आणि पेशंटने बसायचे असते असे दोघांनीही धरून ठेवले होते. इकडे मुठीवर मार्गितचा भार वाढत होता. ती मला ढकलत नव्हती, माझ्या आधाराने उभी होती. हे माझ्याशिवाय कोणाला कळणार? माझ्यावर बसणाऱ्याचे तोंड पुढे असते.

अशाच एका मंगळवारी चढाच्या मध्यावर ती थांबली.

"उतर जरा," ती म्हणाली. "मला बसू दे."

हेल्गे उतरला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मार्गित माझ्यावर बसली. मित्रांनो, मला केवढा आनंद झाला! बसू दे आता वॉकरला आपल्या उबेत, असे मी मनात म्हटले.

"काय गं म्हातारे, आज पेशंट कोण?" हेल्गेने विचारले.

तिला बोलवेना. तिने नुसते बुटाकडे बोट दाखवले. बूट आवळत होता, आणि वाकले की तिचा श्वास कोंडत होता. हेल्गे बर्फात गुडघ्यावर बसला. त्याने बूट सैल केला, मोजा खाली सरकवला. मोज्याने पायावर खोल वळ उठवला होता. मग गंमत म्हणून, थेट उल्रिकाच्या ऐटीत, त्याने तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला.

खळगा राहिला. तो भरून येण्याची वाट बघत हेल्गे तसाच बसला. तो भरला नाही.

"थंडीनं असेल," मार्गित म्हणाली.

"हा माझा पाय असता तर तू काय केलं असतंस?"

हेल्गे उठला, मागे गेला आणि त्याने मूठ धरली.

"तुला झेपायचं नाही. तू आजारी आहेस."

"थांबत थांबत जाऊ. तू गप्प बस आणि बसून राहा."

असे आम्ही चढ चढलो. आरोग्य केंद्राच्या दारात मार्गित उल्रिकाला सांगू लागली, "माझा वर्ग नाही, मी फक्त ह्याला आणते." उल्रिकाने तिचा पाय पाहिला, छाती ऐकली आणि तिला ताबडतोब इस्पितळात पाठवले.

मला ते तिथेच विसरले. माझ्यावर बर्फ साचत गेला. मार्गितला जवळ ठेवणाऱ्या त्या इस्पितळाच्या खाटेचाही मी हेवा केला. पण खरे सांगायचे तर हेव्यापेक्षा भीती मोठी होती. ती मूठ पुन्हा कोणी धरणार होते की नाही?

हेल्गे मला न्यायला आला तेव्हा उल्रिका त्याला समजावत होती. तिने आपल्या हाताची मूठ मिटून दाखवली. मार्गितचे हृदय जोरात मिटते, पण नीट उघडत नाही. ते ताठर झाले आहे, म्हणून मागे पाणी तुंबते. घट्ट मिटते एवढे पाहून डॉक्टर निश्चिंत झाले होते. बायकांमध्ये हे पुष्कळदा असेच असते, आणि पुष्कळदा वयाच्या नावावर खपते, असे ती म्हणाली. मार्गितला उशीर झाला होता, पण फार नाही. पाणी उतरवायच्या गोळ्या तिला लागू पडल्या होत्या.

आता मंगळवारी मार्गितही सायकलवर बसते. पहिल्या दिवशी एकजण म्हणालाच की इथे बायका कॉफी आणतात. ती म्हणाली, "मग आज तू आण." त्याने आणली, पातळ होती म्हणतात.

मित्रांनो, माझ्या पट्ट्यांना गंज चढला आहे. वर्षातून एकदा त्यांना तेल लावले तर मी अजून पळेन. पण माझे मागणे तेवढेच नाही. तुमच्या घरीही कोणीतरी मागे उभे राहून सगळ्यांना ढकलत असेल. बसणाऱ्याला मागचे दिसत नाही. म्हणून अधूनमधून उतरा, मागे वळा आणि त्या माणसाचा चेहरा नीट बघा.

वॉकर अजून उबेतच असतो. माझा मत्सर काही गेलेला नाही. पण चर्चच्या चढावर दोन म्हातारी माणसे थांबतात, आळीपाळीने माझ्यावर बसतात, मोजे खाली करून एकमेकांच्या नडगीवर अंगठा दाबतात आणि वाट बघतात. मग जो बसला होता तो उठतो आणि मूठ धरतो. हे त्या वॉकरने कधी पाहिलेले नाही.