गाद्याचं पिल्लू

पाण्यावर पाठी सात होत्या. सहा मोठ्या, एक लहान. नामदेवने जेटीच्या टोकावरून पुन्हा मोजल्या, तरी सातच. गादे, म्हणजे डॉल्फिन, या खाडीत त्याच्या जन्माआधीपासून येत होते. पण जाळ्याच्या इतक्या जवळ त्याने ते कधी पाहिले नव्हते.

जाळं त्याच्या बापाचं, देवजीचं. ते इथे लावायची अक्कल मात्र नामदेवची. द्रोणागिरीच्या पायथ्याशी नवी जेटी होत होती. मिठागर गेलं, त्याबदल्यात नामदेवला निशाणवाल्याची नोकरी मिळाली. हिरवं निशाण दाखवलं की खाडीत खांब ठोकणारा क्रेनचा हॅमर खांबावर पडायचा, लाल दाखवलं की थांबायचा. गावात होडीच्या फळीवर वल्हं बडवून मासा जाळ्यात हाकतात. हॅमर म्हणजे मोठं वल्हंच की! "आबा, जेटीच्या पल्याड लाव. मासा आपसूक येल," असं त्यानेच सांगितलं. दोन दिवस मासा आलाही. पाट्या भरून वाहिल्या.

आज हॅमर सुरू झाला आणि लहान पाठ जाळ्यात शिरली.

"नाम्या, गाद्याचा पोर हाय रं!" देवजी होडीतून ओरडला. "जाल्याला हे कदी शिवत नाय. आज भुललं काय?"

"फाड जालं, आबा!"

"नवं हाय ते!" म्हणता म्हणता म्हाताऱ्याने कोयता चालवलाही.

पिल्लू सुटलं. पण आईकडे जायचं सोडून ते उलट चिखलाकडे निघालं. आई पलीकडे वर यायची, बुडायची, गोल फिरायची. हॅमर पडत होता. धाड. पिल्लू आणखी उथळात. धाड. नामदेवला काही कळेना. आई दिसत नाही का त्याला? पण या गढूळ पाण्यात कुणाला काय दिसतं? मग एरवी आई सापडते कशी?

देवजीने वल्हं पाण्यात उभं धरलं आणि दांड्याला कान लावला. कुरकुरणाऱ्या घोळ माशांचा थवा तो असाच ऐकायचा.

"काय आयकतंय, आबा?"

"तुजा हॅमर. दुसरा कायच नाय."

नामदेवने लाल निशाण वर केलं. हॅमर थांबला.

मुकादम बाजीराव धावत आले. "काय रे, काय झालं?"

"साहेब, जरा थांबा. पिल्लाला आयकू येत नाय."

"कुणाच्या पिल्लाला?"

क्रेनवाला वरून हसला. "नाम्याच्या घरी पाळणा हलला वाटतं!"

"ओहोटी लागतेय. आज खांब दहा फूट उतरायला हवा. हिरवं दाखव, नाहीतर निशाणं इथं ठेव," बाजीराव म्हणाले.

नामदेवचा हात भरून आला होता. त्याने तो खाली घेतला नाही. खाली होडीत देवजी अजून कान लावून बसला होता. मग देवजीने हात वर केला.

"शिटी मारतंय! त्याची आय शिटी मारतंय!"

चिखलात अर्धं रुतलेलं पिल्लू वळलं. चुकलं, पुन्हा वळलं. मोठ्या पाठीला लहान पाठ लागली.

बाजीरावांनी दोन्ही निशाणं त्याच्या हातातून काढून घेतली. "उद्यापासून खडी वाहायची."

हिरवं आता दुसऱ्या कुणीतरी दाखवलं. नामदेव रिकामे हात घेऊन उभा राहिला. पिल्लू भुललं होतं, मग दोन दिवस पाट्यांतून आलेला मासा? तोही भुललेलाच होता? विचारायचं कुणाला? देवजी फाटलेलं जाळं ओढत होता, वर बघत नव्हता.

संध्याकाळी बाजीरावांनी खांबाला मापाची फीत लावली. खांब चार फूट दोन इंच उतरला होता.